तांबडा दिवा लागायलाच हवा

त्या मंगळवारी सकाळी सात वाजता माझा फोन वाजला नाही. मी दाढी करत होतो. दादा विसरले असतील, नाहीतर बॅलन्स संपला असेल, असं स्वतःशीच म्हणत मी विजयवाड्यातल्या माझ्या ऑफिसला निघून गेलो. अकराच्या सुमाराला हैदराबादहून त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. दारातली दुधाची पिशवी दहा वाजेपर्यंत तशीच दिसली, म्हणून त्यांनी दार तोडलं होतं. यशवंतदादा न्हाणीपाशी पडलेले होते. श्वास चालू होता... दवाखान्याच्या वाटेवर तो थांबला. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

दादा आमच्या सरकारी खात्यात ड्रायव्हर, मी कारकून. दोघांची घराणी नांदेडकडची, दोघांची घरं हैदराबादच्या अंबरपेठेत एकाच गल्लीत. ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. वहिनी गेल्यावर एकटेच राहायचे. मुलगी लग्न होऊन नांदेडला गेलेली. गाडीच्या दुखण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही. आणि चुकलेल्या माणसाला झापायलाही ते कमी करत नसत.

राज्याचे आंध्र आणि तेलंगण असे दोन तुकडे झाले तेव्हा नोकरमाणसंही वाटली गेली. कोण कुठला, हे शाळेच्या दाखल्यावरून ठरलं. माझे वडील काही वर्षं कर्नूलला होते, म्हणून माझी शाळा तिथली. झालं! घरात मराठी बोलणारा, हैदराबादेत जन्मलेला माणूस कागदावर आंध्रचा ठरला. त्या दिवसांत ऑफिसात कुणी मोठ्यानं हसत नसे. यादी आली की लोक आधी स्वतःचं नाव बघत, मग शेजारच्याच्या तोंडाकडे. माझं नाव जाणाऱ्यांत निघालं, दादांचं राहणाऱ्यांत.

त्याच आठवड्यात माझ्या जुन्या गाडीत इंजिन तापल्याचा तांबडा दिवा लागू लागला. गावात नाही, मोकळ्या रस्त्यावर. "म्हंजे पंखा बरा हाय, हळू चालताना तोच गार करतोय," दादा म्हणाले. इंजिन गार असताना त्यांनी रेडिएटरमधलं पाणी पाहिलं, ते भरलेलं होतं. गाडी दमवून आणली आणि पाइप चाचपले. वरचा चटका देणारा, खालचा गार. मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याची वाट उघडणारी ती छोटी झडप, काढून त्यांनी चहाच्या पातेल्यात उकळत ठेवली. ती नीट उघडली. दादांनी झडप बाहेर काढून पुसली. "रेडिएटर आतनं तुंबलाय. पाणी फिरंनाच झालंय. खोलावा लागंल. चार-पाच दिवस दे."

मला सोमवारी विजयवाड्याला हजर व्हायचं होतं. डोकं आधीच फिरलेलं. मी म्हणालो, "दादा, मी जाऊच नये असं तुम्हाला वाटतं, म्हणून हे सगळं चाललंय."

ते हात पुसत उभे राहिले. "हौ, वाटतंय. लई वाटतंय. पण त्याच्यापायी गाडीबद्दल खोटं बोलणार नाही मी."

मला लाज वाटायला हवी होती. ती न वाटता मी गाडी कोठी भागातल्या एका गॅरेजात नेली. तासाभरात दिवा बंद! रविवारी सामान भरून निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी दादा. "किल्ली अर्धीच फिरव," म्हणाले. इंजिन सुरू होण्याआधी समोरचे सगळे दिवे क्षणभर लागतात, ते त्यांनी बोटानं मोजले आणि बोट थांबलं. "तांबडा कुठाय?"

गॅरेजवाल्यानं दिव्याचा बल्बच काढून टाकला होता.

"लागलेल्या दिव्याला भ्यायचं नसतंय, रंगा. न लागलेल्याला भ्यायचं." त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली. मी बसनं विजयवाड्याला गेलो. पुढच्या रविवारी गाडी घ्यायला परतलो, तेव्हा रेडिएटर साफ होऊन बसला होता, नवा बल्बही लागला होता. रेडिएटरमधून पिवळा चिखल निघाला होता. दोन वर्षांपूर्वी गळती थांबावी म्हणून मीच मूठभर हळद टाकली होती आणि दादांच्या बोलण्याच्या भीतीनं ते लपवलं होतं. ते मात्र एवढंच म्हणाले, "हळद जखमेला लावावी बाबा."

निघताना त्यांनी ठरवून टाकलं. "रोज सातला मिस्ड कॉल देतो. उचलू नको, फुकट पैसे जातील. आला म्हंजे सगळं ठीक."

"आणि नाही आला तर?"

"तर बघ."

त्यानंतर सणासुदीला, तापात, त्यांच्या मुलीच्या बाळंतपणातसुद्धा दोन रिंगा वाजून फोन थांबायचा. मला त्याची इतकी सवय झाली की ऐकू येणंच बंद झालं.

त्यांच्या मुलीनं परवा विचारलं, "काका, त्या दिवशी मिस्ड कॉल आला नाही, तेव्हा तुम्ही काय केलं?" शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे होता. सात ते दहा, तीन तास होते. तिला काहीतरी सांगता आलं असतं. पण दादांच्या घरात, त्यांच्या पातेल्यातला चहा पिताना खोटं बोलवेना. "दाढी केली," मी म्हणालो.

आता रोज सकाळी मी गाडीत बसून किल्ली अर्धीच फिरवतो आणि बोटानं दिवे मोजतो. तांबडा लागतो. फोन मांडीवर असतो. सात वाजून जाईपर्यंत मी किल्ली पुढे फिरवत नाही.