चव रजिस्टरातले चिमटेबुवा

सारजाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तरी पडेगावच्या पुढच्या वस्तीवरच्या आमच्या शाळेत पुस्तकांचं सगळ्यात मोठं वेड त्यांनाच होतं. त्या शाळेत खिचडी शिजवायच्या. सकाळी परात मांडीवर घेऊन तांदूळ निवडायला बसल्या की चौथीतल्या रईसाला हाक मारायच्या, "ये गं, वाच." रईसा शाळेच्या पुस्तकपेटीतलं एखादं पुस्तक काढून वाचायला लागायची. बाईंचा तांदळातला हात थांबला की समजायचं, गोष्ट रंगली.

मी तिथला मुख्याध्यापक. शाळा दोनशिक्षकी, त्यामुळे मुख्याध्यापकही मीच, कारकूनही मीच. शहरातून मोटारसायकलवर यायचो, डबा घरून आणायचो, आणि स्वभावानं चिडका होतो हे आधीच सांगून टाकतो.

चिमटेबुवा त्या पेटीतूनच बाहेर आले. पातळसं पुस्तक होतं. लाटण्याएवढा म्हातारा, झुबकेदार मिशा, कमरेला चिमटा खोचलेला. धुराड्यातून कुणाच्याही स्वयंपाकघरात उतरायचा, झाकण उचलून एक घास खायचा आणि नावं ठेवून निघून जायचा. "मीठ कमी." "फोडणी करपली." राजवाड्यात गेला तरी तेच. शेवटचं पान मात्र कुणीतरी फाडून नेलं होतं. त्यामुळे बुवांना कधी कुठलं जेवण आवडलं की नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तक दहा वेळा वाचून झालं तरी बाई दर वेळी विचारायच्या, "अन् पुढं?"

"पुढं नाय ना मावशी. पान गेलंय."

एक दिवस बघतो तर खिचडीच्या खोलीच्या खिडकीत एक झाकणी, आणि तिच्यात चमचाभर खिचडी.

"हे काय, बाई?"

"चिमटेबुवाची हाय."

"अहो, तो पुस्तकातला माणूस आहे!"

"मंग? पुस्तकातल्याला भूक नसती व्हय?"

ती खिचडी झाडावरच्या खारी येऊन संपवायच्या. बाईंना ते दिसत होतं, मुलांनाही दिसत होतं. पण पंगत बसायच्या आधी मुलं विचारायचीच, "मावशी, आज बुवा काय म्हणला?" मग बाई चमचाभर खिचडी तोंडात घ्यायच्या, डोळे बारीक करायच्या, नसलेली मिशी पिळायच्या आणि सांगायच्या, "मटकी कच्ची हाय म्हणला मेला." दुसऱ्या दिवशी मटकी मऊ असायची.

मी एकदा चांगलाच तापलो. पोरांच्या डोक्यात हे काय भरवता म्हणून बोललो. बाईंनी परात खाली ठेवली.

"सर, तीस वर्सं आमच्या मालकाला रांधून घातलं. मानूस चांगला व्हता. कधी हात नाय उचलला. पर ताटावरून उठताना चांगलं झालं असंबी नाय म्हणला, वंगाळ झालं असंबी नाय. आपण काय खातो ह्येच त्याला ठावं नसायचं. ह्यो बुवा नावं तरी ठिवतो. नावं ठिवायला ध्यान देऊन खावं लागतं."

बरोबर बोलणाऱ्यावर मी जास्तच चिडतो, तसाच चिडून वर्गात गेलो.

आता रजिस्टराचं सांगतो. खिचडी मुलांना वाढण्याआधी एका पालकानं ती चाखायची, आणि कुणी चाखली, चव कशी लागली, हे चव रजिस्टरात लिहायचं, असा नियम. पालकांच्या पाळ्याही मी लावल्या होत्या. पण वस्तीतली निम्मी माणसं वाळूजच्या कंपन्यांत, उरलेली शेतात. दुपारी एक वाजता चमचा घेऊन येणार कोण? म्हणून मी रईसाला सांगून ठेवलं होतं, ज्याची पाळी असेल त्याचं नाव लिही आणि पुढे 'चव चांगली' लिही. अक्षर तिचं मोत्यासारखं. महिनाअखेर मी एका बैठकीत सगळ्या सह्या ठोकून मोकळा व्हायचो. वाचत कोण बसतं!

मग एका दुपारी, ऐन पंगतीच्या वेळी, आहार तपासणारे शफीसाहेब आले. या साहेबांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. मागच्याच महिन्यात खोट्या नोंदी सापडल्या म्हणून एका शाळेतल्या दोन बायकांना त्यांनी घरी बसवलं होतं. त्यांनी तांदूळ पाहिला, भांडी पाहिली आणि रजिस्टर उघडलं.

"गुरुजी, हे चिमटेबुवा कोण?"

मी वाकून पाहिलं. तीन महिने, ओळीनं, सुंदर अक्षरात: चाखणारे, श्री. चिमटेबुवा. शेरा, मीठ कमी. चाखणारे, श्री. चिमटेबुवा. शेरा, हळद जास्त. आणि प्रत्येक ओळीखाली माझी झोकदार सही.

"कोणत्या मुलाचे पालक हे? बोलवा त्यांना."

तेव्हा मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणालो, "साहेब, रजिस्टर बाईंकडे असतं. त्या सांगतात, मुलगी लिहिते. मला काही कल्पना नाही."

सारजाबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. बुवा कोण, हे रईसानं पुस्तक उघडून साहेबांना दाखवलं. साहेबांनी चित्र पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं.

"मावशी, असं का लिहायला लावलं?"

"साहेब, पाळीवालं कुनी येतच नाय. जे आलं नाय त्याचं नाव कसं लिवायचं? खोटं लागतं ते. बुवा रोज येतो, म्हून त्याचं लिवलं." मग म्हणाल्या, "माजं चुकलं आसंल तर मला काढा. पोरीला अन् सरांना काय म्हणू नका."

मला वाचवत होत्या! ज्यानं आत्ताच त्यांना पुढं ढकललं होतं, त्याला! मान खाली घालून मी फरशीकडे बघत राहिलो.

शफीसाहेब पानं उलटत होते. मीठ कमी. जिरं करपलं. भात गोळा झाला. आज मऊ, पण तिखट जास्त.

"आठ वर्षं झाली रजिस्टरं बघतोय," ते सावकाश म्हणाले. "सगळीकडे एकच. चव चांगली, चव चांगली. कच्च्या भातावरही चव चांगली. इथं पहिल्यांदाच कुणीतरी चाखलेलं दिसतंय." त्यांनी रजिस्टर मिटलं. "मला वाढा."

आणि बूट काढून ते मुलांच्या पंगतीत मांडी घालून बसले. पहिला घास घेतला. चाळीस पोरं हात थांबवून बघत होती. "आता म्हणल, मीठ कमी," रईसा कुजबुजली, तीही सगळ्यांना ऐकू जाईल अशी. साहेब खात राहिले. ताट स्वच्छ केलं आणि पुढं धरलं.

"मावशी, अजून थोडी वाढा."

रईसा ताडकन उठली. "मावशी, ह्येच व्हतं! शेवटच्या पानावर ह्येच व्हतं!"

पंगतीत असा गलका उठला की खिडकीतल्या खारी पळाल्या. शफीसाहेब हसले, अगदी मोकळे हसले. बाई मात्र डाव हातात धरून तशाच उभ्या. डोळे पुसावेत की वाढावं, हे त्यांना सुचेना. शेवटी आधी वाढलं, मग पुसले.

निघताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. "बाईंना राहू द्या. पण उद्यापासून नाव खऱ्या माणसाचं पाहिजे. आणि त्यानं खरंच चाखलेलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी डबा आणला नाही. एक वाजता ताट घेऊन खिचडीच्या खोलीत गेलो. "बाई, काल मी..." असं म्हणायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "खाऊन बघा आदी. निवती."

मी खाल्ली. चार वर्षं जिचा वास वर्गात बसून घेत होतो ती खिचडी पहिल्यांदा लक्ष देऊन खाल्ली. झकास होती. तेवढं म्हणून सुटलो असतो, पण बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, त्यांना काय हवंय ते आता मला माहीत होतं. मी आणखी एक घास घेऊन नीट चावला.

"बाई, चव लई भारी आहे. पण जिरं जरासं करपलंय."

त्यांचा चेहरा असा उजळला की बस्स. "व्हय ना? मलाबी वाटलंच! उद्या बघा तुमी."

रईसा रजिस्टर उघडून बसली होती. "सर, कुणाचं नाव लिहू?"

"माझं लिही."

"मग चिमटेबुवा?"

बाईंनी झाकणीत चमचाभर खिचडी घातली आणि खिडकीत ठेवली. "त्याला आता काम नाय," त्या म्हणाल्या. "बसून खाईल निवांत."