काकूंची पंपाजवळची जागा

आमच्या डॉक्टरीणकाकूंनी जन्मात कुणाकडे जागा मागितली नाही. त्या सरळ बसायच्या. म्हणायच्या, "अरे, विचारलं की लोकांना नियम आठवतात. आधी बसायचं, मग बघायचं."

काका नॉटिंगहॅमजवळच्या एका लहानशा बाजाराच्या गावात जीपी, म्हणजे गावचे डॉक्टर होते. दगडी चर्च, समोर चौक, चौकात जुना हातपंप. ऐंशीच्या दशकातही व्हिक्टोरिया राणी नुकतीच चहा पिऊन गेलीय असं वाटावं, असं गाव. आल्या आल्या काकू चर्चच्या फ्लॉवर कमिटीत जाऊन बसल्या. त्यांना बोलावलं कुणी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण हार्वेस्टला, म्हणजे सुगीच्या सणाला, चर्चच्या दाराला झेंडूचं तोरण लागायला लागलं.

दर उन्हाळ्यात तिथे 'व्हिक्टोरियन डे' असे. सगळं गाव राणीच्या काळातले कपडे घालून चौकात. एका वर्षी मीही लंडनजवळच्या इल्फर्डहून गेलो. भाड्याची टॉप हॅट कानांवर उतरलेली. बादली पालथी घातल्यासारखा दिसत होतो. काकू मात्र नऊवारी, नथ, अंबाडा अशा थाटात पंपाजवळ चकल्यांचा स्टॉल मांडून बसलेल्या.

व्हिक्टोरियन डेच्या समितीच्या अध्यक्ष मार्गारेटबाई घेरदार झगा सावरत आल्या. "लव्हली दिसताय, डिअर. पण आज फक्त व्हिक्टोरियन पोशाख. स्टॉल काढावा लागेल."

"काकू, चला ना, घरी खाऊ चकल्या," मी शेजारच्या खुर्चीवरून, हॅटच्या आतून कुजबुजलो.

"तू गप रे!" मग त्या बाईंकडे वळल्या. "हे लुगडं माझ्या आजीचं. ती याच राणीच्या राज्यात जन्मली, याच राणीच्या राज्यात हे नेसून बोहल्यावर चढली. तुमचा झगा कुठला?"

"नॉटिंगहॅमचा," बाई हळूच म्हणाल्या. "भाड्याचा."

"छान आहे हो. बसा, चकली घ्या."

बाई बसल्या. झगा मावेना, म्हणून मला उठावं लागलं. पुढे दर वर्षी पंपाजवळ त्या दोघींच्या खुर्च्या शेजारी शेजारी.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी काकू गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा तसलीच भाड्याची हॅट घालून गेलो. चौक गच्च भरलेला, पण पंपाजवळ एक खुर्ची रिकामी. शेजारी मार्गारेटबाई, मांडीवर डबा. "तिच्यासारख्या नाही जमल्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या मोडल्या."

मी विचारलं, "इथे बसलो तर चालेल का?"

"विचारू नका," चकलीचा तुकडा पुढे करत त्या म्हणाल्या. "मला नियम आठवेल."

मी बसलो.