पदराखालचं गाडगं

धावड्याच्या साळूबाईच्या ताकाला नाव ठेवायची हिंमत आजवर एकदाच झाली होती, आणि तीही तिच्या नवऱ्याची. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात रखमाजी जेवता जेवता बोलून गेला, "आज जरा आंबट लागून राह्यलं." पुढचे चार दिवस त्याला ताकही मिळालं नाही आणि बायकोचा शब्दही मिळाला नाही. त्या गोष्टीला बत्तीस वर्षं झाली, पण वाटी तोंडाला लावायच्या आधी रखमाजी अजून तिच्या चेहऱ्याकडे बघून घ्यायचा.

बाई होतीच तशी, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. दावणीला तीन म्हशी. पहाटे घुसळण व्हायची, लोण्याचं तूप कढवून बाजारला जायचं, आणि ताक गावाचं. ताक विकायचं नाही, विकलं की म्हैस आटते, असं सासूनं तिला सांगून ठेवलं होतं. सासूचा दुसरा नियम याहून कडक होता. ताक देताना घेणाऱ्याचं तोंड बघायचं नाही आणि मागाहून कुणापाशी त्याचं नाव काढायचं नाही.

म्हणून साळूबाई ताकाचा डेरा ओसरीवर ठेवायची, वर एक लोटी पालथी घालायची आणि गोठ्याकडे तोंड करून शेण भरायला लागायची. अठरा घरच्या बायका एकेक करून यायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण धावड्यात ते लपवण्याचाच रिवाज होता. गाडगं पदराखाली येणार, पदराखालीच भरून जाणार, आणि ताकाचा शब्द कुणी काढणार नाही. यात सगळ्यात मानी झुंबरबाई. घरात एक सून, चार नातवंडं आणि ज्वारीचं अर्धं पोतं, पण ताठा पाटलिणीचा. ती रोज यायची आणि रोज तेच विचारायची, "साळे, तुझी म्हैस कशी हाय म्हून बघाया आल्ते." तीस वर्षं ती म्हशीची तब्येत विचारत होती. म्हशीला तेवढ्या काळात शिंकसुद्धा आली नव्हती.

मोठी लढाई चालू होती त्या सालातली गोष्ट. औरंगाबादेहून बद्रीनाथ नावाचे डॉक्टर बैलगाडीनं धावड्याला आले. कोण काय खातं आणि कुणाला काय दुखतं, याची गावोगाव फिरून ते चौकशी करत होते. मुक्काम चावडीत. समोर आलेल्याला जीभ काढायला लावायची, ओठांचे कोपरे बघायचे, मग चार बाटल्यांतलं थेंबथेंब पाणी जिभेवर टाकून चव विचारायची. एकीत मीठ, दुसरीत गूळ, तिसरीत चिंच आणि चौथीत कडुनिंब. निंबाच्या बाटलीला पोरं जी तोंडं करत, ती बघायला अर्धं गाव जमायचं.

डॉक्टर मात्र कोड्यात पडले होते. आधीच्या तीन गावांत निम्म्या माणसांच्या जिभा लाल, सोललेल्या, ओठांचे कोपरे फाटलेले. धावड्यात गरिबातल्या गरीब घरीही जीभ साफ. ते खोदून खोदून विचारत. खाता काय? भाकर आणि ठेचा. दूध? न्हाई. ताक? "कुठलं साहेब, आमच्या नशिबी!" अठराच्या अठरा घरांनी हेच सांगितलं. झुंबरबाईनं तर वर ऐकवलं, "ताक मला बिलकुल सोसत न्हाई." डॉक्टर साळूबाईकडेही आले.

"तीन म्हशींचं ताक जातं कुठं, बाई?"

"म्हशीलाच पाजते," साळूबाई म्हणाली. सासूच्या नियमाखातर ती देवापुढेही हेच बोलली असती.

कुणीतरी म्हणालं, पाण्याचा गुण असंल साहेब. झालं! लाज झाकायला एवढा चांगला आडोसा कुठं मिळणार? जो तो विहिरीचं गुणगान करायला लागला. डॉक्टर हरखले. त्यांनी विहिरीच्या पाण्याच्या सहा बाटल्या भरून लाखेनं बंद केल्या, हैदराबादेला तपासायला पाठवायच्या म्हणून. साळूबाईनं हे ऐकलं आणि गोठ्यात जाऊन पोट धरून हसली.

तिचं हसू तीन दिवसांत मावळलं. जाफराबादेहून तिची लेक नंदाबाई गाडीत घालून आणली, मांडीवर तीन महिन्यांचं लेकरू. सासर खातंपितं होतं, पण गोठ्यातलं सगळं दूध सकाळ-संध्याकाळ पेढेवाल्याकडे जायचं. घरातली रवी खुंटीला टांगलेली. दुधाचा वास तर नंदाला लहानपणापासून सोसत नसे, नुसत्या वासानंच उलटी व्हायची. आता तिची जीभ कच्च्या मांसासारखी लाल झाली होती. भाकरीचा तुकडा तोंडात घातला की डोळ्यांतून पाणी यायचं. खाणं नाही, म्हणून अंगावरचं दूध उतरत चाललेलं, आणि लेकरू दिवसभर किरकिरत होतं.

डॉक्टरांनी चिंचेचं पाणी तिच्या जिभेवर टाकलं.

"काय लागतंय?"

"झोंबतंय निस्तं. चव न्हाई."

मिठाचं टाकलं. तेच उत्तर. साळूबाई शेजारी उभी होती. कच्च्या चिंचा मीठ लावून फस्त करणारी ही पोरगी, तिला चिंचेच्या झाडावरून उतरवायला बापाला हाका माराव्या लागायच्या. साळूबाई तिथं रडली नाही, घरी आल्यावर रडली.

या दुखण्यावरच्या गोळ्या लढाईपायी मिळत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, विहिरीचं पाणी भरपूर पाजा. साळूबाईनं घागरीच्या घागरी पाजल्या. आठ दिवस झाले, फरक काही नाही. ताक द्यायचा विचारसुद्धा कुणी करत नव्हतं. अंगावर पिणारं लेकरू असताना आईनं आंबट खाल्लं की लेकराची छाती भरते, असं सोनूबाई सुईण सांगे, आणि साळूबाईचाही त्यावर पक्का विश्वास. बाळंतपणात तिनं नंदाला ताकाचा थेंब लावू दिला नव्हता.

पण एक गोष्ट तिच्या मनात सारखी टोचत होती. दोन वर्षांपूर्वी अठरा घरांतल्याच भुजंगाचा पोरगा पोलिसात लागला, तेव्हापासून त्याच्या घरच्यांनी लाजेपायी ताकाला येणं सोडलं. शिमग्यापर्यंत त्या घरात सगळ्यांचे ओठ फाटले. मग साळूबाईनं स्वतःच मागच्या दारानं गाडगं पोचवायला सुरुवात केली, आणि महिन्याभरात तोंडं बरी झाली. तेव्हा तिनं ते मनावर घेतलं नव्हतं.

डॉक्टर उद्या निघणार, हे कळल्यावर ती दिवेलागणीच्या आत चावडीत गेली. नेहमीची चार-सहा माणसं बसलेली, झुंबरबाईही खांबाला टेकून होती.

"साहेब, पाण्यानं काय होत न्हाई," साळूबाई म्हणाली. "मला वाटून राह्यलं, हा ताकाचा गुण हाय. म्हनाल तर नंदीला देते. पर लेकराचं भ्या वाटतं. तुमी सांगा."

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. "बाई, माझ्या मनातही आधी तेच होतं. पण हे बघा. दुभतं असलेली, ताक पिणारी घरं अकरा, जिभा साफ. न पिणारी घरं अठरा, त्यांच्याही जिभा साफ. मंग ताकाचा काय संबंध? कागद बराबर बोलतो. नुसत्या अंदाजानं दिलं आणि लेकरू आजारी पडलं, तर तुम्ही मलाच बोल लावाल."

साळूबाईच्या तोंडावर आलं होतं, कागद खोटा हाय, साहेब. अठरा घरांची नावं तिच्या जिभेच्या टोकावर होती. एक एक नाव घेतलं असतं तर लेक वाचत होती. तिनं एकवार झुंबरबाईकडे बघितलं. झुंबरबाई जमिनीकडे बघत होती.

"मी म्हशीला पाजत न्हाई," साळूबाई कशीबशी बोलली. "लोक नेत्यात."

"कोण लोक?"

"ते इचारू नका."

"नावांशिवाय मी लिहू काय?"

साळूबाई उठली आणि घरी आली. रात्रभर तिनं स्वतःला शिव्या घातल्या, सासूला घातल्या, आणि रखमाजी काहीच बोलत नव्हता म्हणून त्यालाही घातल्या.

सकाळी घुसळण झाली. सवयीनं तिनं डेरा ओसरीवर ठेवला आणि गोठ्याकडे वळली. मागं लोटीचा आवाज आला, पण आज कुणी म्हशीची विचारपूस केली नाही. तिनं न राहवून मान वळवली. झुंबरबाई अंगणातून बाहेर पडत होती. गाडगं पदराखाली नव्हतं, डोक्यावर होतं, आणि ताक काठोकाठ हिंदकळत होतं.

बाई भर रस्त्यानं तशीच चावडीपुढं गेली. गाडीला बैल जुंपून होत होते. तिनं गाडगं डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवलं.

"घ्या लिहून. झुंबरबाई, घरात सहा तोंडं. तीस वर्सं झाली, रोज एक गाडगं. मला समदं सोसतं."

तेवढ्यात भुजंगाची बायको आली, तिच्या हातात तांब्या. तिच्यामागून आणखी दोघी. ज्या घरांनी इतके दिवस डॉक्टरांना ताकास तूर लागू दिली नव्हती, त्यांची भांडी चावडीच्या पायरीवर एकाशेजारी एक येऊन बसली. कुणी मान खाली घालून ठेवली, कुणी जरा घुश्शातच. साळूबाई धावत आली तेव्हा सतरा झाली होती. अठरावी बाई तिच्यामागूनच धापा टाकत येत होती.

"अगं, कशापायी केलंत?" साळूबाई कळवळून म्हणाली.

"गप बैस," झुंबरबाई तिच्यावरच खेकसली. "तुझी पोरगी मरंल आन् आमी लाज धरून बसू व्हय?"

डॉक्टरांनी बैल सोडायला सांगितलं. त्यांनी कागदावरच्या अठरा ओळी खोडून नव्यानं लिहिल्या आणि लाखेनं बंद केलेल्या बाटल्यांपैकी पाच ओतून दिल्या. सहावी त्यांनी जवळ ठेवली, स्वतःच्या अकलेची आठवण म्हणून. मग ते साळूबाईच्या घरी आले आणि सोनूबाईच्या देखत म्हणाले, "ताजं ताक, बिनमिठाचं, दिवसातून चार वेळा. लेकराची जिम्मेदारी माझी." आणि बोलल्याप्रमाणे ते आणखी नऊ दिवस राहिले.

पहिल्या वाटीला नंदा रडली, ताक जिभेला झोंबलं. साळूबाईनं रात्रभर लेकराच्या छातीवर हात ठेवून श्वास ऐकला. छाती भरली नाही. चौथ्या दिवशी नंदानं ताकात कुस्करलेली भाकर खाल्ली. सहाव्या दिवशी लेकरू पोटभर पिऊन दुपारभर झोपलं, आणि घरात इतकी शांतता झाली की रखमाजी घाबरून बघायला आला.

गावातली भांडी दुसऱ्याच दिवशी पदराखाली गेली होती. झुंबरबाईनं म्हशीची तब्येत विचारली, साळूबाईनं बरी हाय म्हणून सांगितलं आणि गोठ्याकडे तोंड केलं. पण शेण भरता भरता तिला हुंदका आला. तो ऐकूनही न ऐकल्यासारखं करून झुंबरबाई निघून गेली.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टरांची गाडी दाराशी उभी होती. रखमाजी म्हशींना कडबा टाकत होता. नंदानं वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला, नाक मुरडलं.

"माय, आज ताक आंबट झालं गं."

रखमाजीच्या हातातली पेंढी तशीच राहिली. त्यानं भीत भीत बायकोकडे बघितलं. साळूबाई उठली, नंदाच्या हातातली वाटी घेतली आणि स्वतः चाखून बघितली.

"व्हय की," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही ती थांबली नाही, तशीच दाराकडे धावली. "साहेब, थांबा, जाऊ नका! नंदी म्हनती, माझं ताक आंबट झालं!"