मुलचेऱ्याकडच्या तीन वाटा आणि एक डहाळी

सायकल एसटीच्या टपावर आणि माझा जीव सायकलीत, अशा अवस्थेत मी चंद्रपूरहून निघाले. बल्लारपूर येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत होते. शेवटी कंडक्टर वैतागला.

"बाई, सायकल पक्की बांधली हाय. तुमीच खाली पडसान!"

ही गोष्ट नव्वदीच्या अखेरच्या एका दिवाळीच्या सुट्टीतली. साताऱ्यात मुलींच्या शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवते. माझ्या मुलींसाठी हिवाळ्यात सायकलींचं शिबिर घ्यायचं माझ्या डोक्यात होतं. गावाबाहेर, गाड्यांच्या धुराबाहेर. माझा आतेभाऊ वसंत मुलचेऱ्याला सरकारी कचेरीत नोकरीला. त्याने पत्र पाठवलं, "ताई, इकडे ये. इथे दिवसाला दोन एसट्या आणि बाकी सगळं जंगल." मुख्याध्यापिका म्हणाल्या, आधी स्वतः बघून या, मग बोला. म्हणून अठरा गिअरची सायकल आणि एक वही घेऊन मी निघाले. वहीत तीन पानं आखली होती: नवशिक्या मुलींसाठी सोपी वाट, सरावलेल्यांसाठी मध्यम आणि माझ्या दोन-चार वाघिणींसाठी अवघड.

आष्टीला वैनगंगा ओलांडली आणि नजर निवली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेल्या धानाच्या बांध्या (भातखाचरं), मागे सागाची भिंत. मुलचेऱ्याच्या स्टँडवर एका पोलिसाने सायकलीभोवती दोनदा फेरी मारली. इतके गिअर कशाला, कुठून आलात, कुठे जाणार, एकट्याच काय? मी सगळी उत्तरं दिली. मग त्याने हळूच विचारलं, "एक चक्कर मारून पाहू काय?" मारली. हसतच परत आला.

पहिल्या दिवशी सोपी वाट. गावाबाहेरच्या तलावाची पाळ (बांध) आणि तिथून पुढे बैलगाडीची पांदण. कमळं, बगळे, पाळीवर कपडे धुणाऱ्या बाया. एकीने विचारलं, "काय जी बाई, एवढ्या सकाळी कुठी चालल्या?" मी म्हटलं, कुठेच नाही, सायकल चालवायला आलेय. "कुठी जायाचं नाई त मंग काऊन जाता?" मी हसून पॅडल मारलं. वहीत लिहिलं: सोपी, सावली भरपूर.

दुसऱ्या दिवशी वसंत त्याच्या काळ्या, जड, कॅरिअरवाल्या सायकलीवर बरोबर आला. लाल मुरमाचा जंगलातला रस्ता, दोन चढ, एक नाला. वसंत प्रत्येक चढाला उतरून ढकलायचा आणि मला म्हणायचा, "तू हो पुढे, मी निसर्ग बघतोय." रस्ता संपतो तिथे बंगाली गाव आहे. निर्वासित म्हणून आलेली माणसं इथे वसवली, आता त्यांची नातवंडं इथल्या झाडी बोलीत भांडतात. चहाच्या टपरीवर कुरमुरे आणि मोहरीच्या तेलातली भजी खाल्ली. टपरीवाल्या काकांनी मागची तळी दाखवली. तिथे माशांची पिल्लं वाढवतात. बोटाएवढी झाली की त्यांना म्हणायचं बोटुकली. मग आजूबाजूच्या गावांतले ढिवर (मासेमारी करणारे) येऊन ती हंड्यांतून आपापल्या तलावात नेतात. "मोसमातली शेवटची बोटुकली उद्या जाणार," काका म्हणाले. मला काय त्याचं? मी वहीत लिहिलं: मध्यम, भजी उत्तम.

अवघड वाट त्याच बंगाली गावाच्या मागून सुरू होत होती. पायवाटच ती. दगड, मुळं, ओढे आणि सात-आठ मैलांवर जंगलापलीकडचं एक गाव. तिसऱ्या दिवशी आम्ही उजाडता उजाडता बंगाली गावात पोचलो. तळ्याशी ढिवरांची गडबड चालली होती. आम्ही थांबलो नाही.

अर्ध्या तासाने फाटा लागला. डावीकडच्या वाटेवर ऐनाची हिरवी डहाळी आडवी पडली होती आणि तिच्यावर एक दगड. आता माझा स्वभाव सांगते. वर्गात कागदाचा कपटा दिसला तरी मला चैन पडत नाही. माझ्या मुली उद्या इथून जाणार, कुणी अडखळून पडलं म्हणजे? मी उतरले, दगड भिरकावला, डहाळी ओढून झुडपात टाकली आणि हात झटकले. वसंत म्हणाला, "ताई, राहू दे ना." मी म्हटलं, "तुम्ही सरकारी लोक सगळंच राहू देता." वर डाव्या वाटेवर सायकल घालून पाहिली. दहा मिनिटांत ती नाल्यात उतरली, पलीकडे नुसतं रान. परत फिरलो आणि उजवीकडे वळलो.

पुढे बऱ्याच अंतरावर एक नवरा-बायको गाठले. तुळशीरामभाऊ आणि यमुनाबाई. भाऊंच्या खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमच्या हंड्या, तोंडाला ओलं फडकं. दर पावलाला ते खांदा असा काही झटकत की हंड्या नाचत होत्या. मी विचारलं, इतकं हलवता कशाला, मासे बिचारे घाबरत नाहीत का?

"पानी हाललं नाई त श्वास कसा घेईल थे? उभं पानी म्हणजे मरन." चालता चालताच त्यांनी विचारलं, "मागं माहा साळा दिसला काय? मधुकर. त्याच्यापाशी बी दोन हंड्या हायत. भराच्या राह्यल्या होत्या, म्हनून आमी पुढं निंघालो."

नाही, म्हणाले मी.

यमुनाबाई मागे वळून पाहू लागल्या. त्यांचा हा धाकटा भाऊ माजरीकडे कोळशाच्या खाणीवर मजुरी करत होता. जातीचा ढिवर, पण सात वर्षांत जाळ्याला हात नाही. यंदा गावची बोडी (लहान तळं) या दोघांना मिळाली, म्हणून त्यांनी त्याला बोलावून घेतलं होतं. "मासोळी जगली त राहीन म्हनते थो, नाई त परत माजरीले," बाई म्हणाल्या. "हे वाट त्याच्या पायाची नाई न. पह्यलीच खेप हाय."

"चुकत नाई थो," भाऊ म्हणाले. "फाट्यावर डहाळी टाकून आलो न मी. हिरवी डहाळी आडवी म्हणजे तिकडं नाई जायाचं. लेकराले बी समजते."

वसंत माझ्याकडे बघत होता, त्याची नजर मला टोचत होती. कपाळ माझं! लेकराला समजतं ते मला समजलं नव्हतं. सांगून टाकलं. मीच काढली ती डहाळी. वाट साफ करावी म्हणून.

तुळशीरामभाऊंनी सूर्याकडे पाहिलं.

"मी आणते त्याला," मी म्हणाले, आणि सायकल वळवली. अशी सायकल मी आयुष्यात हाणली नव्हती. ओढ्यात एकदा आडवी झाले, कोपर सोलवटलं. वसंत बिचारा मागून 'निसर्ग' न बघता येत होता. फाट्यावरून डावीकडे, नाल्यापर्यंत, नाल्यापलीकडे. मधुकर तिथे रानात उभा होता. पंचविशीतला, उंच, कावड खांद्यावर तशीच, आणि जागच्या जागी खांदा झटकत होता. घामाने तो निथळत होता, पण खांदा थांबला नव्हता.

"डहाळी नव्हती," तो म्हणाला. "इकडं सायकलीचे ताजे ठसे जास्त दिसले, म्हटलं हेच वाट."

मी माफी मागितली. त्याने फडकं किंचित उचलून पाहिलं. बोटुकली वर येऊन तोंडं उघडत होती. "उन्हं झाली. आता कावडीनं पोचेपर्यंत नाई टिकत."

वसंतच्या सायकलीला कॅरिअर होतं, माझ्या नखरेल सायकलीला नव्हतं. एक हंडी आम्ही कॅरिअरवर ट्यूबने आवळली आणि मी त्या काळ्या सायकलीवर बसले. दुसरी मधुकरने कावडीलाच ठेवली, ती खांद्याजवळ सरकवली, दुसरं टोक हाताने दाबून धरलं आणि तो धावायला लागला. अठरा गिअर वसंतच्या वाट्याला आले.

मी अगदी जपून, दगड चुकवत, मऊ माती बघत चालवत होते. मागून ओरडा आला.

"बाई, असं काऊन चालवून राह्यल्या? दगडावरून घ्या! आपटू द्या!"

"पडेल ना!"

"हंडी नाई पडत! पानी उभं राह्यलं त मासोळी मरते!"

मग घेतली दगडावरून. जे जे मी मुलींना वीस वर्षं करू नका म्हणून सांगितलं, ते सगळं केलं. प्रत्येक मूळ, प्रत्येक धोंडा शोधून शोधून त्याच्यावर सायकल घातली. हाडं खिळखिळी झाली, पाठीवर पाण्याचे शिंतोडे उडत होते, आणि खरं सांगू, भीती आणि मजा दोन्ही एकदम वाटत होती. जरा सपाट आलं की मधुकर ओरडायचा, "हालवा!" आणि मी हँडल डावी-उजवीकडे झोकायचे.

बोडीवर पोचलो तेव्हा तुळशीरामभाऊ आणि यमुनाबाई काठावर उभे होते. त्यांच्या हंड्या रित्या झाल्या होत्या. मी हंडी सोडून लगेच पाण्यात ओतायला निघाले, तर यमुनाबाईंनी मनगट धरलं. "थांबा जी. हंडीतलं पानी गरम, बोडीतलं थंड. एकदम सोडलं त मरते." दोन्ही हंड्या बांधलेल्या तोंडानेच पाण्यात तरंगत ठेवल्या. फडकं सोडायचं नाही, आत बघायचं नाही. पाणी पाण्याला मिळेपर्यंत थांबायचं.

तेवढ्या वेळात बाईंनी पळसाच्या पानावर भात वाढला, लाखोळीच्या डाळीचं वरण, झिंग्यांची चटणी. पहिलं पान माझ्यापुढे. माझ्या कोपराला हळद लावली. तुळशीरामभाऊंनी वसंतला साहेबांच्या बदल्यांबद्दल विचारलं. मधुकर मात्र जेवला नाही, हंड्यांकडे पाठ करून बसला होता. मी नुसता भात चिवडत होते. "खा न बाई," यमुनाबाई म्हणाल्या, "उपाशी कोनी राहू नये."

मग हंड्या कलंडल्या. आधी मधुकरची. काळी रेघ सळसळत आत गेली, संपेचना. माझ्या हंडीतून मूठभर पांढरी पोटं वर आली आणि माझे डोळे भरले, पण त्यांच्याखालून एक काळा झोत निघाला आणि कमळांच्या देठांत शिरला. मधुकर गुडघाभर पाण्यात उतरला, पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग बहिणीला म्हणाला, "ताई, भात वाढ."

दोन दिवसांनी एसटीने परत निघाले. वसंत स्टँडवर आला होता. सायकल टपावर होती, पण या वेळी मी एकदाही मान बाहेर काढली नाही. शिबिराला होकार मिळाला, मुली त्या हिवाळ्यात जाऊन आल्या, मजा केली, ते सगळं खरं. पण मला आठवतं ते दुसरंच. माझ्या वर्गात कुणाचा अपराध झाला की मी आधी शिक्षा करते आणि नुकसान किती झालं ते नंतर मोजते. त्या बोडीच्या काठावर यमुनाबाईंनी मला पहिलं पान वाढलं, तेव्हा हंडीचं तोंड बांधलेलं होतं. आतली मासोळी जिवंत आहे की मेली, हे त्यांना माहीत नव्हतं.