सनदेचा काठ
कपाट आवरताना जुना हेडफोन सापडला आणि त्याच्या घामट स्पंजच्या वासाने मी तेव्हा राहायचे त्या वेलचेरीतली एक दुपार आठवली. ऑनलाइन खेळात आम्ही तीस जणांनी एक गाव वसवलं होतं. त्या जमिनीच्या सनदेसाठी सगळ्यांनी महिनाभर खणलेलं लोखंड आमच्या गावप्रमुख, तांबरमच्या एक बाई, बाजारातल्या अनोळखी व्यापाऱ्याला देणार होत्या. सगळे तमिळमध्ये गप्पा मारत होते आणि माझा माइक नेहमीसारखा बंद होता. वीज गेलेली, इन्व्हर्टर टूं-टूं वाजत होता. सौद्याच्या चौकटीत सोनेरी काठाची सनद दिसत होती. बाई म्हणाल्या, "ओके, दाबते," आणि तेवढ्यात काठ तांबडा झाला. खोट्या सनदेचा काठ तांबडा असतो; व्यापाऱ्याने शेवटच्या क्षणी खरी काढून खोटी ठेवली होती. टाइप करायला वेळच नव्हता. मी माइक उघडला, तमिळ सुचेना, म्हणून मराठीतच ओरडले, "थांबा! दाबू नका!" मग बाई तमिळमध्ये म्हणाल्या, "अय्यो, आपल्या मुकीला आवाज आहे! काय झालं गं?" माझे शब्द त्यांना कळलेच नव्हते, अनोळखी आवाज ऐकून त्यांचं बोट थांबलं होतं. आजही ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा माइक बंद असतो, पण बोट तो उघडायच्या बटणावर असतं.