बिनआंघोळीचा बेदाणा

आमच्या कॉलेजात संशोधन म्हटलं की आधी चहा होतो, मग समिती होते आणि शेवटी कुठेतरी पेपर छापून येतो. चुकून एखादं यंत्र तयार झालंच, तर ते प्रयोगशाळेच्या कपाटात बसतं आणि तपासणी असेल त्या दिवशी त्याची धूळ पुसली जाते. त्यामुळे बेदाण्यातला ओलावा मोजणारं माझं यंत्र सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या कपाटातून निघून कवठे महांकाळला द्राक्षं वाळवायच्या शेडवर चाललंय, याचं मला कोण अप्रूप होतं. गाडीत आम्ही तिघं होतो. यंत्र बनवायला तयार झालेले साताऱ्याचे एक छोटे कारखानदार, त्याला सरकारी योजनेत बसवू पाहणारे कृषी खात्याचे अधिकारी आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी मी. वाटभर तिघंही तंत्रज्ञान हस्तांतरणावर बोलत होतो. आपापल्या फायद्याचंच बोलत होतो, हे आता कळतं.

बेदाण्याचं काम वरून सोपं दिसतं. द्राक्षं पोटॅशच्या आणि तेलाच्या पाण्यात बुडवायची, एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरायची आणि पंधराएक दिवसांनी माल उतरवायचा. खरी मेख त्या शेवटच्या दिवसात आहे. लवकर उतरवला तर पेटीत बुरशी धरते, उशीर झाला तर हिरवा रंग जाऊन दाणा तपकिरी आणि कडक होतो. तो दिवस कोणता, हे त्या शेडवर एक बाई सांगायची. पन्नाशी उलटलेली, काटकुळी, बोलायला खडखडीत. मूठभर बेदाणा घ्यायचा, दाबायचा, मूठ उघडून दाणे एकमेकांना कसे सोडतात ते बघायचं आणि म्हणायचं, ‘उतरा’. आसपासच्या शेडवाल्यांच्या मोटारसायकली तिला न्यायला यायच्या. सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

माझं यंत्र चाललं तर त्या मोटारसायकली यायच्या बंद होणार होत्या. शेडमालकानं हे तिच्या तोंडावर, हसत हसत सांगितलं. मला तिच्याकडे बघवेना. ती मात्र यंत्राकडे बघत होती.

पहिल्याच चाचणीत यंत्र आणि मावशी यांचं बिनसलं. मावशी म्हणाली माल आजच उतरायला हवा, यंत्र म्हणालं अजून ओला आहे. मालकानं हुशारी केली. अर्ध्या जाळ्या मावशीच्या शब्दावर उतरवल्या आणि अर्ध्या यंत्राच्या शब्दावर ठेवल्या. तिसऱ्या दिवशी यंत्रानं परवानगी दिली तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. ताडपत्रीवर दोन ढीग होते, एक पोपटी आणि एक चहाच्या चोथ्यासारखा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? कारखानदारांनी बॅगेची चेन लावली.

मी बॅटरीला दोष दिला, उन्हाला दिला, तारांना दिला. नाचता येईना, अंगण वाकडं. मावशीनं माझ्याजवळचा डबा उघडला. यंत्राचं माप जुळवायला मी सांगलीच्या बाजारातून आणलेला बेदाणा त्यात होता. तिनं दोन दाणे बोटांत चोळले, वास घेतला आणि म्हणाली, “म्याडम, तुमच्या यंत्रानं आंगूळ केल्याला बेदाना बगितलाय. ह्यो बिनआंगुळीचा हाय.”

बाजारातला बेदाणा धुऊन, निवडून येतो. शेडवरच्या दाण्यावर पोटॅशचा क्षार तसाच असतो. त्या क्षारामुळे वीज जास्त वाहते, आणि माझ्या यंत्राला तो ओलावा वाटत होता. एवढी साधी गोष्ट प्रयोगशाळेतल्या आम्हा पदवीधरांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती, कारण बेदाणा म्हणजे वाण्याच्या पुडीतून येतो तो, अशी आमची समजूत. लाज वाटली, आणि खरं सांगते, त्याच क्षणी ती बाई मला फार आवडली.

तिच्या मुठीवरून यंत्र पुन्हा जुळवायचं ठरलं. सुरू करण्याआधी मी तिला बाजूला घेतलं आणि स्पष्ट विचारलं, मावशी, हे जमलं तर तुमचं काम जाईल, कळतंय ना तुम्हाला? “जाऊ दे की,” एवढंच ती म्हणाली आणि जाळीकडे वळली. बिचारीनं नाइलाजानं मान तुकवली, असा मी अर्थ घेतला. त्यामुळे त्या हंगामात तिच्या शेजारी बसताना मला चोरी करतेय असंच वाटायचं.

ती मूठ दाबून शब्द सांगायची, मी तोच माल पुडीत बांधून सांगलीला न्यायची आणि भट्टीत वाळवून त्यातलं पाणी मोजायची. तिचे शब्द चारच होते: कच्चा, थांबा, उतरा, गेला. आणि प्रत्येक वेळी तिचा ‘उतरा’ केसभराच्या फरकानं ओलाव्याच्या एकाच आकड्यावर पडायचा. एकदा मी आगाऊपणा केला आणि तोच बेदाणा दुसऱ्या पुडीत घालून पुन्हा तिच्या हातात दिला. ती म्हणाली हा मघाचाच आहे, तुम्हाला काम नसलं तर आमच्याबरोबर जाळ्या झाडा. मग मी झाडल्याही.

कराराची बैठक आमच्या कॉलेजात झाली. मी मावशीलाही बोलावलं. कारखानदारांचा आराखडा असा होता, की यंत्रानं ओलाव्याचा आकडा काढायचा आणि तो थेट मालकाच्या मोबाइलवर पाठवायचा. त्यांच्या मते विक्री त्यावरच होणार होती. अधिकारीही म्हणाले, योजनेच्या कागदात टक्केवारीच मागितली आहे. मावशी म्हणाली, “आकडा आला की मालकाला फोन लावाय लागतोय. शबूद आला की आमाला जाळीला हात लावता येतोय. तिथं आमचं शबूद टाका.”

कारखानदार म्हणाले, असं कुठं करतात का. माझं डोकं फिरलं. ज्या बाईच्या हातावर हे यंत्र उभं आहे तिचे चार शब्द त्यावर येणार नसतील तर मी सही करत नाही, असं मी बजावलं. आमच्या प्राचार्यांचा चहा थंड झाला. मला वाटलं, आता सगळं फिसकटणार. पण अधिकाऱ्यांनी फाइल पुढे ओढली आणि ते एकेक पान उलटत राहिले. सरकारी माणूस पळवाट शोधतोय, असं माझ्या मनात आलं. त्यांनी शोधलं ते वेगळंच. योजनेतल्या साधनांवरच्या सूचना कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात, अशी ओळ त्यांच्याच खात्याच्या परिपत्रकात होती. त्यांनी तिच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि कागद कारखानदारांपुढे सरकवला. तो माणूसही दिलदार निघाला. मोठ्या अक्षरांत शब्द आणि खाली बारीक आकडा, असं त्यांनी तिथंच लिहून घेतलं. अशा माणसांबद्दल मी आधी काय काय बोलले होते, ते आठवून जीभ चावली.

पुढच्या हंगामात यंत्रं शेडवर पोचली तशी मीही गेले. एक तरुण बाई यंत्राच्या वाटीत बेदाणा दाबत होती. पडद्यावर ‘उतरा’ उमटलं, तिनं हाक दिली आणि बायका जाळ्यांना भिडल्या. मालकाला फोन नंतर गेला. मी मावशीला शोधलं. ती कुठेच नव्हती. मालकानं काढलं का तिला, असं मी त्या बाईला विचारलं.

“न्हाई वं,” ती म्हणाली. “लेकीकडं गेलीया पुन्याला. पयल्या दोन बाळंतपनाला हंगामानं सोडलंच न्हाई तिला, रोज कुना ना कुना शेडचं बोलावनं. आवंदा म्हनली, आता तुमाला समद्यास्नी कळतंय, मी चालले.”

तिनं मोबाइल काढून फोटो दाखवला. दवाखान्यातल्या खाटेच्या कडेला मावशी बसली होती. हंगामभर मी ज्या हातांकडे डोळे लावून बसले होते, त्या दोन्ही हातांत दुपट्यात गुंडाळलेली नात होती.