माझ्या आभारप्रदर्शनात काकूंची ढवळाढवळ

आमच्या रायपूरच्या मराठी मंडळात आभारप्रदर्शन कायम माझ्याकडे. मी माइकसमोर आलो की लोक चपला शोधू लागतात. यंदा गणपतीत, सीमेवर शहीद झालेल्या आमच्याच शहरातल्या गुढियारी मोहल्ल्याच्या एका पोराचे आभार मानायचे ठरले. काम अर्थातच माझ्याकडे आले.

मी कात्रणं जमवली, झकास भाषण लिहिलं आणि निमंत्रण द्यायला त्याच्या आईकडे गेलो. म्हटलं, भाषणही ऐकवून टाकू, काकू खूश होतील. "लहानपणापासूनच तो निर्भय होता," एवढं वाचलं आणि काकूंनी मला थांबवलं.

"हा कोणाचा पोट्टा हाय रे भाऊ?"

"तुमचाच की, काकू."

"माझा तर पालीले भेत होता! पाल दिसली का खाटेवर चढून मले हाका मारे. फौजेतून सुट्टीवर आला तरी तसाच."

मी वाक्य खोडलं. पुढचं 'शिस्तप्रिय'ही गेलं. 'मितभाषी'वर तर काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मग पदर खाली घेतला.

"मी नाही येत तुमच्या कार्यक्रमाले. दरवेळी हार घेते अन् भलत्याच पोट्ट्याची आई होऊन घरी येते. तू त्याले ओळखतच नाहीस, तर आभार कोणाचे मानून राहिला?"

मी कागद खिशात घातला. "मग सांगा न काकू, कसा होता?"

पाटोडीचा रस्सा वाढत त्या संध्याकाळपर्यंत सांगत राहिल्या. पहिल्या सुट्टीत त्यानं आईसाठी जाडजूड लोकरी स्वेटर आणलं होतं. रायपूरच्या मे महिन्यात!

"मग काय केलं?"

"घातलं न! पंखा फुल करून बसली."

घरी परतताना तो पोरगा ओळखीचा वाटू लागला होता, आणि तो नाही हे मला पहिल्यांदाच टोचलं.

कार्यक्रमाला काकू आल्या, पण दाराजवळ बसल्या, निघायला सोपं. मी पालीपासून सुरुवात केली. मंडप चिडीचूप. शहिदावर हसायचं कसं? अध्यक्षांनी डोळे वटारले. तेवढ्यात दाराकडून खुदकन हसू आलं. काकूंचं! मग सगळा मंडप हसला. मला जोर चढला. स्वेटरवर आलो. "हिरवं स्वेटर..."

"हिरवं नाही, जांभळं!" काकू उठून थेट पुढे आल्या. "आण तो माइक. तुले नाही जमत."

मी मुकाट्याने माइक दिला आणि सतरंजीवर मांडी घालून बसलो. काकू बोलत होत्या, मी पोटभर हसत होतो, आणि चष्मा पुन्हा पुन्हा पुसावा लागत होता.